ओळखीची छायाचित्रे

आमच्या नोकरीत छायाचित्रांना तोटा नाही. रोज येणाऱ्या अर्जांच्या उजव्या कोपऱ्यात, आखून दिलेल्या चौकटीत, कोणाचा ना कोणाचा चेहरा डकवलेला असतो. तो पाहावयाचा, अर्जातील नावाशी त्याची सांगड घालावयाची आणि शिक्का अर्धा कागदावर व अर्धा चेहऱ्यावर पडेल अशा बेताने उठवावयाचा, हे आमचे गेल्या अकरा वर्षांचे काम. इतके चेहरे पाहणाऱ्या माणसाला चेहरा पाहता येत असेल अशी कोणाचीही समजूत व्हावी. आमचीही होती.

तीनेक वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन दुर्गच्या आमच्या कचेरीत आले. आयुष्यभर अंगमेहनतीचे काम केलेला, शिवनाथेपलीकडच्या खेड्यातला माणूस. नियमाप्रमाणे पत्नीसह काढलेले संयुक्त छायाचित्र त्यांनी जोडले होते. ते पाहून आम्ही अर्ज परत केला, कारण छायाचित्रात पत्नीचा चेहरा कसाबसा दिसत होता आणि त्यांच्या चेहऱ्याच्या जागी पांढऱ्या भिंतीवर केवळ एक काळा डाग उमटला होता. शेरा मारला : ‘छायाचित्र अस्पष्ट.’ ते दुसऱ्यांदा आले, तेव्हाही तीच गत. तिसऱ्या खेपेस त्यांनी आणलेल्या छायाचित्रात छायाचित्रकाराने संगणकावर चेहरा असा काही उजळला होता की नाक, डोळे, ओठ सारे स्वच्छ दिसावे. मात्र तो चेहरा समोर उभ्या असलेल्या माणसाचा नव्हता. आम्ही तो मान्य केला. गृहस्थांनी हात जोडले व ते गेले. त्या दिवशी आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

ही हकिगत आठवण्याचे कारण एक पुस्तक. दिवाळीच्या रजेत मुंबईस गेलो असता एका स्नेह्यांनी ते हातात ठेवले आणि हावडा मेलने दुर्गपर्यंतच्या प्रवासात ते आमच्या मांडीवर होते. केतकी शेठ या मुंबईच्या छायाचित्रकर्तीचे हे पुस्तक, ‘अ सर्टन ग्रेस’ (2013), भारतातील सिद्दी लोकांच्या छायाचित्रांचे आहे. 2005 साली गीरच्या जंगलात सहलीस गेल्या असता सिरवण या सिद्दींच्या गावाशी त्यांचा परिचय झाला. त्यानंतर काही वर्षे गुजरात व कर्नाटकातील सिद्दी वस्त्यांकडे त्या पुनःपुन्हा जात राहिल्या. चित्रे सगळी काळी-पांढरी आहेत. पुस्तकाला महमूद ममदानी यांचा प्रास्ताविक निबंध आहे. या ममदानींचा जन्म 1946 मध्ये मुंबईचा, बालपण युगांडातील कंपालाचे, आणि 1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना हाकलले तेव्हा देशोधडीस लागलेल्यांत तेही होते. आफ्रिकेतून घालवून दिलेल्या भारतीयाने भारतात रुजलेल्या आफ्रिकनांविषयी लिहावे हा योगायोग कादंबरीत कोणी योजला असता तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते.

मराठी वाचक ‘सिद्दी’ हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माणूस येत नाही, किल्ला येतो. मुरूडच्या समुद्रातला तो जंजिरा. महाराजांना तो घेता आला नाही आणि 1682 मध्ये संभाजीराजांनी निकराचा वेढा देऊनही तो पडला नाही, ही शाळेपासूनची आपली सल आहे. बखरींतून त्या मुलखाचे नाव हबसाण. 1948 साली जंजिरा संस्थान विलीन झाले व सिद्दी हे प्रकरण आपल्यापुरते मिटले. दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात त्यांत मावळे असतात, हत्ती-घोडेही असतात. सिद्दी कोणी मांडल्याचे आम्ही पाहिलेले नाही. आणि ‘हबशी’ या शब्दाला तर बोलीत शिवीची धार आली. ज्या देवाला सावळा म्हणून आळवताना आपला कंठ दाटतो, त्याच्याच भक्तांच्या घरच्या लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सुस्वरूप’ हे शब्द पहिल्याच ओळीत असतात, ही विसंगती जुनीच आहे. येथे तिचा उल्लेख एवढ्यासाठी, की शेठबाईंची चित्रे पाहावयास बसणारा मराठी रसिक रिकाम्या डोळ्यांनी बसत नाही. त्याच्या एका डोळ्यात जंजिरा असतो व दुसऱ्यात ती जाहिरात.

प्रथम पाने उलटताना आम्ही तेच केले जे कोणीही करील. ‘कसे हो हे आफ्रिकन!’ असे मनात म्हटले. कुरळे केस, ठसठशीत जिवणी. आणि अंगावर काठेवाडी वळणाचे कपडे, मागे गुजराती खेड्यातली भिंत. ही विसंगतीची गंमत पहिल्या दहा पानांपुरती टिकते. एखाद्या कमी दर्जाच्या छायाचित्रकाराने तेवढ्यावरच सारे पुस्तक उभारले असते. गीर पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाला सिद्दींची धमाल दाखवतात. मोरपिसे, रंगवलेले चेहरे, डोक्याने नारळ फोडणे. त्याची रंगीत छायाचित्रे हजारोंनी निघतात आणि त्या सर्वांत सिद्दी माणूस एकच गोष्ट करीत असतो, ती म्हणजे सिद्दी असणे. या पुस्तकातील माणसे तेवढेच करीत नाहीत. मुले कंटाळलेली दिसतात, तरुणांच्या चेहऱ्यावर तारुण्याचा ताठा दिसतो, आणि कित्येकजण छायाचित्रकर्तीकडे, म्हणजे पर्यायाने आमच्याकडे, सरळ पाहतात. पाने उलटत जावे तसतशी ‘आफ्रिकन’ ही जाणीव मागे पडते आणि समोर गुजरातेतील एका खेड्यातील माणसे राहतात. मग एखाद्या पानावर ती जाणीव पुन्हा एकदम उसळून येते. हे मागे पडणे व उसळणे हाच आमच्या मते या पुस्तकाचा खरा अनुभव होय.

याआधी 1999 मध्ये शेठबाईंचे एक पुस्तक निघाले होते, ब्रिटन व भारत येथील पटेल कुळांतल्या जुळ्यांच्या छायाचित्रांचे. जुळी ओळखायची कशी हा तिथला प्रश्न होता. सारखेपणात वेगळेपण शोधण्याचा. सिद्दींच्या पुस्तकात तोच प्रश्न उलटा झाला आहे. वेगळेपणा पहिल्या दृष्टिक्षेपातच दिसतो, सारखेपणा सावकाश उमगतो. त्या दोन पुस्तकांत एकाच कलावतीची एकच जिज्ञासा काम करीत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

शीर्षकाविषयी मात्र आम्हांला शंका आहे. ‘ग्रेस’ म्हणजे डौल, देखणेपण, लालित्य, एका अर्थी कृपासुद्धा. ज्यांना कोणी देखणे म्हटले नाही त्यांना देखणे म्हणण्याचा हेतू चांगलाच आहे. पण देखणेपणा हाही एक दागिना आहे आणि तो घालावयास लावणारा दुसराच असतो. सिद्दींच्या बाबतीत हे आधी एकदा घडलेले आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या क्रीडा प्राधिकरणाने कर्नाटकातील व गुजरातेतील सिद्दी मुले निवडून त्यांना धावपटू करण्याची योजना आखली. आफ्रिकी रक्त आहे तेव्हा धावतीलच, असा तो हिशेब. मुले खरेच धावली, काहींनी पदकेही आणली. पुढे काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि त्यांतली बरीच मुले जिथून आली तिथे परत गेली. त्या योजनेच्या नस्तीवर टिपणे लिहिणाऱ्यांत आमच्यासारखा कोणी कारकून असणारच. त्यानेही त्या मुलांचे कौतुकच केले असेल. एखाद्याच्या शरीराचे कौतुक करणे आणि त्याला ओळखणे या दोन क्रिया किती भिन्न आहेत, याचे सरकारी उदाहरण म्हणून ती योजना आम्हांला स्मरते.

काळ्या-पांढऱ्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आमच्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न तेथेच आहे. छायाचित्रण ही तटस्थ यांत्रिक कला आहे, यंत्र काही गोरे-काळे जाणत नाही, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कोडॅक कंपनीच्या रंगीत छायाचित्रांचा रंगमेळ प्रयोगशाळांत ज्या नमुना-चित्रावर बसवला जात असे त्यावर एक गोरी स्त्री असे. ‘शर्ली’ या नावाने ते पत्रक ओळखले जाई. शर्लीची कांती नीट आली म्हणजे रंग नीट आले. त्यामुळे एकाच चित्रात गोरा व काळा माणूस शेजारी बसले तर गोऱ्याचा चेहरा खुले आणि काळ्याचे डोळे व दात तेवढे उरत. याविषयी कृष्णवर्णी कुटुंबे कुरकुर करीत होतीच. पण फिल्म सुधारण्यास कंपनीला जोराचा धक्का दिला तो चॉकलेट विकणाऱ्यांच्या व लाकडी सामान विकणाऱ्यांच्या तक्रारींनी. त्यांच्या मालातील गडद छटा चित्रात येईनात! माणसांच्या छटांपेक्षा शिसवी कपाटाच्या छटांनी यंत्राचा डोळा आधी उघडावा, यावर भाष्य न केलेलेच बरे.

आणखी एक गोष्ट आम्हां कचेरीवाल्यांच्या जिव्हाळ्याची. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या राजवटीत प्रत्येक काळ्या माणसाला पासबुक बाळगावे लागे व त्यात त्याचे छायाचित्र असे. ही छायाचित्रे झटपट काढावयास पोलरॉइड कंपनीची यंत्रे वापरली जात. 1970 मध्ये अमेरिकेत त्याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर व केन विल्यम्स या दोन कृष्णवर्णी कर्मचाऱ्यांना याचा सुगावा लागला. त्यांनी कंपनीविरुद्ध चळवळ उभारली, नोकऱ्या गमावल्या, आणि सात वर्षांनी, 1977 मध्ये, कंपनीला त्या देशातून काढता पाय घ्यावा लागला. त्या पासबुकांवरही कोणीतरी शिक्का उठवीत होताच.

त्याच देशात अर्नेस्ट कोल नावाचा छायाचित्रकार होऊन गेला (1940-1990). खाणकामगारांना वैद्यकीय तपासणीसाठी विवस्त्र करून भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे केलेले त्याचे चित्र ज्याने पाहिले आहे त्याच्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही. पण आम्हांला कोलच्या चित्रांइतकीच त्याच्या कागदपत्रांची कथा विलक्षण वाटते. त्याचे मूळ आडनाव कोले. ते त्याने इंग्रजी वळणाचे कोल करून घेतले आणि सरकारी तपासणीत स्वतःची नोंद ‘काळा’ या वर्गातून ‘मिश्रवर्णी’ या वर्गात बदलून घेतली. त्यामुळे फिरण्याची थोडी मोकळीक मिळाली. 1966 मध्ये तो देशाबाहेर पडू शकला, आणि 1967 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘हाउस ऑफ बाँडेज’ हे त्याचे पुस्तक निघाले. मायदेशात त्यावर बंदी आली. तो परत जाऊ शकला नाही. परदेशी हालअपेष्टांत त्याचा अंत झाला. त्याच्या हजारो निगेटिव्ह स्टॉकहोममधील एका बँकेच्या तिजोरीत सापडल्याचे 2017 मध्ये उघडकीस आले. टेबलापलीकडच्या एका कारकुनाने एका रकान्यातील शब्द बदलला आणि जगाला एक पुस्तक मिळाले, त्या माणसाचा देश मात्र गेला. रकाने भरणाऱ्या माणसाने ही कथा वाचल्यावर थोडा वेळ लेखणी खाली ठेवावी.

तर, काळे-पांढरे. शेठबाईंनी रंग टाळले हे केवळ अभिजाततेच्या हौसेने, असे कोणी म्हणेल. आम्हांला त्यात वेगळी सोय दिसते. रंगीत चित्रात सिद्दीची कातडी हा एक रंग असतो, लुगड्याचा एक, भिंतीचा एक. पाहणारा लगेच तुलना करू लागतो. करड्या छटांत कातडी, सावली, दाराची चौकट व संध्याकाळ ही सारी एकाच जातीची होऊन जातात. प्रश्न रंगाचा न राहता उजेडाचा होतो : या चेहऱ्यावर उजेड कोठून येतो? आमच्या दुर्गच्या छायाचित्रकाराने हा प्रश्न विचारला असता तर त्याने त्या वृद्धाला पांढऱ्या भिंतीपुढे बसवून यंत्राला भिंतीच्या स्वाधीन केले नसते; खिडकीशी बसवले असते. आणि आम्ही विचारला असता तर ‘अस्पष्ट’ हा शेरा चेहऱ्यावर नव्हे, उजेडावर मारला असता.

आता दुसऱ्या एका चित्राकडे वळू. सेनेगलच्या डकार शहरात 1980 मध्ये जन्मलेला ओमर व्हिक्टर डिओप याची ‘डायस्पोरा’ ही चित्रमाला 2014 मधली. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत आफ्रिकेबाहेर जाऊन नाव कमावलेल्या आफ्रिकनांच्या जुन्या तैलचित्रांवरून व लघुचित्रांवरून त्याने स्वतःलाच त्या त्या वेषात बसवून छायाचित्रे काढली. वेष तोच, बैठक तीच, पार्श्वभूमीला भडक वेलबुट्टी, आणि प्रत्येक चित्रात फुटबॉलच्या खेळातली काही ना काही वस्तू. या मालिकेत फ्रेंच राज्यक्रांतीतला बेले आहे, अमेरिकेतला फ्रेडरिक डग्लस आहे. आणि त्यांच्या पंक्तीत विजापूरचा इखलासखान व आपला मलिक अंबर आहे.

‘आपला’ असे आम्ही लिहून गेलो खरे. यावर जरा थांबावयास हवे.

अंबरचा जन्म सुमारे 1548 चा, हबसाणातला, म्हणजे खऱ्या हबसाणातला, आजच्या इथिओपियातला. लहानपणी विकला गेला, अरबस्तान-बगदादच्या बाजारांतून हात बदलत दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. तो चंगीझखानही हबशीच. पुढची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे : मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर त्याने परांड्यास दुसरा मूर्तझा निजामशहा गादीवर बसवला, गनिमी काव्याने अकबर-जहांगीरच्या फौजांना पाव शतक झुंजवले, 1610 मध्ये खडकी वसवली, नहर खोदली, जमिनीची मोजणी करून धारा बांधला, 1624 मध्ये भातवडीस मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा धुव्वा उडवला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. 1626 मध्ये तो वारला. कबर खुलताबादेस आहे. आपल्या इतिहासकारांनी त्याला मान दिला नाही असे नाही. पण तो मान बहुधा शिवशाहीची प्रस्तावना म्हणून दिला. प्रस्तावनेत ज्याची बोळवण होते त्याचा चेहरा कोणी पाहत नाही.

चेहरा पाहिला तो शत्रूने. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात सुमारे 1616 चे अबुल हसनने काढलेले एक मोगल लघुचित्र आहे. पृथ्वीच्या गोलावर जहांगीर धनुष्य ताणून उभा आहे, खाली मासा व वृषभ, आणि समोर भाल्याच्या टोकावर अंबरचे छाटलेले शिर. त्यावर घुबड बसलेले. बादशहाचा बाण त्या शिराच्या तोंडात घुसतो आहे. प्रत्यक्षात हे शिर जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही. अंबर अंथरुणावर, पिकल्या वयात मेला. आपल्या आठवणींत जहांगीर त्याच्या काळेपणावरून त्याला दूषणे देतो, आणि त्याच्याच दरबारचा इतिहासकार मुतामदखान अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याचे व कारभाराचे मोकळ्या मनाने कौतुक लिहून ठेवतो! अबुल हसनचे चित्र कलाकृती म्हणून निर्दोष आहे. गडद वर्णाची छटा त्या कसबी चित्रकाराने ज्या हळुवारपणे हाताळली आहे ती पाहून चकित व्हावे. पण ते सारे कसब एका न घडलेल्या शिरच्छेदाच्या सेवेला लागले आहे.

या पार्श्वभूमीवर डिओपचा अंबर पाहावा. तो धडासकट आहे, जिवंत आहे, आणि तो आपल्याकडे पाहतो आहे. प्रथमदर्शनी आम्हांला त्या फुटबॉलच्या सामानाचा राग आला. एवढा थोर पुरुष, आणि त्याच्याशेजारी हा खेळ कशाला? पुढे कळले की हा कलावंत स्पेनमध्ये राहत असता त्याच्या मनात ही मालिका आली, आणि युरोपात आफ्रिकी खेळाडूंना मिळणारा गौरव व त्याच मैदानावर त्यांच्या वर्णाचा होणारा उपहास हे दोन्ही त्याच्यापुढे होते. गोल केला की वीर, चुकला की माकड. अंबरच्या आयुष्याला ही तुलना लागू पडते. गुलाम म्हणून खरेदी केलेला आणि बादशहाची झोप उडवणारा माणूस तो एकच. तरीही हे स्पष्टीकरण वाचून समाधान झाले नाही. समाधान झाले ते बहुरूप्याची आठवण झाल्यावर.

आमच्या लहानपणी, वऱ्हाडातल्या आजोळी, बहुरूपी येत. फौजदार होऊन येत आणि आजोबांना दरडावून विचारत, ‘चला, वॉरंट आहे!’ घरातली मुले घाबरत, मोठे हसत. बहुरूप्याच्या वेषात काहीतरी एक नेमके चुकलेले असे. पट्टा सुतळीचा, नाहीतर पायांत फाटकी वहाण. ती चूक नसती तर तो बहुरूपी राहिला नसता, तोतया झाला असता. शेवटी तो मूळ आवाजात बोले व पसा पुढे करी. डिओपचे फुटबॉलचे सामान म्हणजे ती सुतळी होय. ‘मी अंबर नाही, डकारचा एक माणूस आहे, आणि अंबरचा चेहरा तुमच्याकडे शिल्लक नाही म्हणून माझा उसना देतो आहे,’ असे ते सामान सांगते. वास्तविक अंबरची म्हणून समजली जाणारी काही मोगल व्यक्तिचित्रे लंडन-बोस्टनच्या संग्रहांत आहेत. पण ती पाहावयास दख्खनचा शेतकरी जातो कधी?

एक आक्षेप तरीही उरतो आणि तो आम्ही गिळू इच्छित नाही. इतक्या निरनिराळ्या देशांतल्या, शतकांतल्या माणसांना एकच चेहरा देणे म्हणजे ‘हे सगळे सारखेच दिसतात’ या जुन्या गोऱ्या तक्रारीला दुजोरा देणे नव्हे काय? अंबर हबशी, बेले सेनेगलचा, डग्लस मेरिलँडमध्ये गुलामीत जन्मलेला. ‘डायस्पोरा’ या शब्दाच्या पोटात या सर्वांना कोंबताना अंबरचा दख्खनीपणा निसटतो. त्याने दख्खनची बाजू घेतली, दख्खनी माणसांची फौज केली, मुलीचे लग्न येथल्या राजघराण्यात केले. तो आफ्रिकेचा वारस म्हणून लढला नाही, दख्खनचा म्हणून लढला. किंग्स्टनमध्ये जन्मून इंग्लंडात आयुष्य काढलेल्या स्टुअर्ट हॉल या विचारवंताने 1990 च्या एका प्रसिद्ध निबंधात मांडले आहे की परागंदा समाजाची अस्मिता ही मागे कोठे पुरलेली व खणून काढावयाची वस्तू नसून ती सतत घडत असते. डिओप खणून काढतो. शेठबाई घडताना पाहतात. या एका मुद्द्यावर, डिओपचे चातुर्य अधिक असूनही, आमचे मत शेठबाईंच्या बाजूला पडते.

नाशिकचे जे वाचक असतील त्यांना शरणपूर रोड माहीत आहे. त्या शरणपुरात, मिशनऱ्यांच्या वसाहतीत, एकोणिसाव्या शतकात आफ्रिकन मुलांचा एक आश्रम होता. अरबांच्या गुलाम-जहाजांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही मुले. त्यांना मायदेशी कसे पोचवावे हे कोणास ठाऊक नव्हते म्हणून ती मुंबईस व तेथून नाशकास आणली गेली. सुतारकाम, लोहारकाम, वाचन शिकली. त्यांच्यातले काहीजण डॉ. लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन मरण पावला तेव्हा त्याच्यावर अंत्यसंस्काराची प्रार्थना वाचली ती नाशकास शिकलेल्या जेकब वेनराइटने. शव शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, मुंबईच्या शाळेत काही काळ शिकलेला चुमा होता. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, त्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता.

त्या प्रवासातले शवपेटीशेजारचे वेनराइटचे छायाचित्र उपलब्ध आहे. गेल्या दीडशे वर्षांत ते पुष्कळदा छापले गेले आणि पाहणाऱ्यांनी त्यात पेटी पाहिली. आम्ही तो चेहरा बराच वेळ न्याहाळला. विशीतला तरुण. आफ्रिकेत जन्म, नाव इंग्रजी, शिक्षण गोदावरीकाठी. त्याने नाशकात कोणती भाषा ऐकली असेल? शरणपुरातील भोवतालची भाषा मराठी होती. कदाचित आपल्याच भाषेतले काही शब्द त्या माणसाच्या तोंडी असतील, आणि ‘हा कोण’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘लिव्हिंग्स्टनचा नोकर’ यापलीकडे आपण कधी गेलो नाही. त्याच काळी इंग्रज सरकार आठ खंडांचे ‘द पीपल ऑफ इंडिया’ (1868-75) छापीत होते. 468 छायाचित्रे, प्रत्येकाखाली जात व तिचा स्वभाव. वेनराइट त्यांच्या कोणत्याही खान्यात बसला नसता. तेवढे त्याचे भाग्य.

हे लिहीत असता शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने पुस्तक चाळले. तो केरळचा, भिलाईतच वाढलेला. वडील पोलाद कारखान्याच्या पहिल्या भरतीतले. त्याने विचारले, हे कोठले लोक? आम्ही सांगितले, जांबूर, गुजरात. ‘ते ठीक, पण मूळचे?’ हा प्रश्न त्याला स्वतःला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे, आम्हांलाही विचारतात. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून या छत्तीसगडात मराठी घराणी आहेत, त्यांनाही अजून विचारतात. परंतु येथे एक सावधगिरी हवी. आपल्या बदलीची आणि त्यांच्या परागंदा होण्याची तुलना करण्याचा मोह या पत्रिकेच्या वाचकांना होईल, आम्हांलाही झाला. आपल्याला बदलीचा हुकूम मिळतो, सामानाचे भाडे मिळते, नाखूष असलो तर अर्ज करता येतो. गुलामांच्या जहाजावर हुकूम नव्हता, फक्त किंमत होती. गोव्यातून पळून सह्याद्रीच्या रानात शिरलेल्या ज्या गुलामांचे वंशज आज यल्लापूर-हल्याळकडे शेती करतात आणि कोकणीच्या एका बोलीत बोलतात, त्यांच्यापुढे आपण ‘आम्हीही परमुलखातले’ म्हणून गळा काढू नये. त्यांच्यातले शांताराम सिद्दी 2020 मध्ये कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. जांबूरच्या हिराबाई लोबी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे आली, रंगीत व चांगली उजळ. ती उजेडाने उजळली होती की संगणकाने, हे आम्ही आता पाहू लागलो आहोत.

सहकाऱ्याला उत्तर द्यावयाचे राहून गेले. साहेबांनी हाक मारली. सायंकाळी जुन्या नस्तीतून त्या वृद्ध गृहस्थांचा अर्ज काढून पाहिला. उजळलेला चेहरा तसाच आहे, आमचा शिक्का अर्धा कागदावर, अर्धा त्यांच्या गालावर. परत केलेली पहिली दोन छायाचित्रे नस्तीत नाहीत. ती ते सोबत घेऊन गेले होते. नियमाप्रमाणे ही नस्त अजून बरीच वर्षे जतन व्हावयाची आहे.